इंजिन वाचवायला सव्वाचार लाखांची शेड?

देवबागहून (ता. मालवण) एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते आणि त्यांची पत्नी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला आणि कर्लीच्या संगमापर्यंत फिरवायला बोट चालवतात. साडेतीन लाखांची फायबर बोट आहे. तिच्यावरचं ४० एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं) इंजिन आज विकलं तर दोन लाख येतील, नवं घ्यायचं तर सव्वातीन लाख लागतील. घरच्या मासेमारीची लहान होडी वेगळी. तिचं ९.९ एचपीचं इंजिन जुनं घेतलेलं, बिल नाही. आजची किंमत ₹९०,०००, नव्याची पावणेदोन लाख. शिवाय गावच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला ७० हजारांचा ट्रेलर आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या वाडीतल्या एका होडीचं इंजिन रात्रीत गेलं आणि पुन्हा सापडलं नाही. तेव्हापासून घरात चर्चा चालू आहे. वाचकाला किनाऱ्यालगतच्या जागेत शटरची पक्की शेड बांधायची आहे, खर्च ₹४,२५,०००. पुतण्या म्हणतो, कॅमेरा आणि जीपीएस लावा. एजंट म्हणतो, विमा घ्या. हाताशी ६ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, डिसेंबरात मुदत संपणारी. ती मोडायची की पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार. तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांनीच देता येईल. शेड बांधू नका. एफडी मोडू नका. दागिने कपाटातच राहू द्या. चोरीची भीती मात्र खरी आहे आणि त्यावर खर्च करायलाच हवा. तो कुठे आणि कोणत्या क्रमाने करायचा, ते सांगतो.

आधी शेडचा हिशेब. सव्वाचार लाख रुपये ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर ते आठ लाखांच्या वर जातात. खाऱ्या वाऱ्यात पत्रा आणि शटर दहा वर्षांत संपतात असं धरलं, तर ही शेड तुम्हाला दरवर्षी साधारण ₹६०,५०० ला पडते. ती राखणार काय? दोन इंजिनं, आजच्या किमतीने २ लाख ९० हजारांची. म्हणजे दर पाच वर्षांनी दोन्ही इंजिनं चोरीला जाणार असतील, तरच शेडचे पैसे वसूल होतील. नव्या इंजिनांची किंमत, ५ लाख, धरली तरी दर आठ वर्षांनी दोन्ही जायला हवीत. वाडीत इतक्या वर्षांत एक इंजिन गेलंय, हे तुम्हीच लिहिलंय. बोटीला छप्पर मिळेल हा फायदा आहे, पण फायबरची बोट ताडपत्री आणि झावळ्यांनी नीट शाकारली तरी पावसाळा काढते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मला जास्त काळजी वाटते ती जागेची. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते. दाट वस्तीच्या गावांत ती ५० मीटरवर येते. खाडीच्या बाजूला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल ते अंतर. तुमचा भूखंड नकाशात नेमका कुठे येतो हे पाहिल्याशिवाय तिथे वीटही लावू नका. उद्या कोणी तक्रार केली आणि पाडायची नोटीस आली, तर सव्वाचार लाख गेलेच. शिवाय विनापरवाना शेडमधल्या मालाचा दावा करताना विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळेल.

चोर काय नेतो, हे पाहिलं की खर्चाची दिशा ठरते. नोंदणी क्रमांक रंगवलेली, वाडीतल्या सगळ्यांच्या ओळखीची बोट विकणं कठीण. इंजिन विकणं सोपं. ९.९ चं इंजिन ४० किलोच्या आसपास असतं, दोन स्क्रू सैल केले की एक माणूस खांद्यावर टाकून चालू लागतो. ४० एचपीचं दोघांना लागतं आणि ते बोल्टने आवळलेलं असतं, पण एक पाना आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बोट ट्रेलरवर असेल तर इंजिनासकट सगळंच पिकअपला जोडून नेता येतं, म्हणून ट्रेलर हा दुसरा कच्चा दुवा.

तेव्हा पहिला खर्च कुलपांचा. लहान इंजिनाच्या दोन्ही स्क्रूंच्या मुठींवर सरकवून बसवायचा लोखंडी बार-लॉक मिळतो. मोठ्या इंजिनाच्या बोल्टना खास चावीशिवाय न फिरणारे नट लावता येतात. ट्रेलरच्या जोडणीच्या तोंडाला कप्लर-लॉक, एका चाकाला क्लॅम्प, आणि चाकाच्या रिममधून नेऊन जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधलेली जाड साखळी. कुलपं पितळी किंवा समुद्रासाठी बनवलेली घ्या आणि महिन्याला ग्रीस लावा. साधं कुलूप एका पावसाळ्यात जाम होतं आणि मग ते लावायचाच कंटाळा येतो. हे सगळं माझ्या अंदाजाने १५ हजारांत बसेल.

दुसरा खर्च घराचा. मेच्या अखेरीस जलपर्यटन बंद होतं ते ३१ ऑगस्टपर्यंत, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. म्हणजे वर्षातले जे तीन महिने किनारा सुना असतो, नेमक्या त्याच महिन्यांत इंजिन बोटीवर असायचं काही कारणच नाही. गोड्या पाण्याने धुऊन, तेल देऊन दोन्ही इंजिनं घरी आणा. पडवीच्या बाजूला सामानाची खोली आहे असं तुम्ही म्हणता. तिला लोखंडी जाळीचं दार आणि आत इंजिनाचा स्टँड करायला ३०-३५ हजार लागतील. शेडचं मुख्य काम या खोलीने होतं, आणि नवं बांधकामही करावं लागत नाही.

जीपीएसबद्दल पुतण्याचा मुद्दा चुकीचा नाही, पण तुमच्या बाबतीत तो उपयोगाचा किती? यंत्राला वीज लागते. बोटीवर ती स्टार्टरच्या बॅटरीतून मिळते आणि पावसाळ्यात तुम्ही बॅटरी काढून ठेवता. म्हणजे धोका सर्वात जास्त असताना यंत्र मुकं. स्वतःची बॅटरी असलेलं, पाणी न शिरणारं यंत्र घ्यायचं तर वर्षाचं भाडं आलं आणि रेंजचा प्रश्न राहिलाच. कॅमेऱ्याचंही तेच, जून-जुलैत वीज किती वेळा जाते ते बघा. वाडीत १२ होड्या आहेत ना? सगळ्यांनी मिळून तीन महिने रात्रीचा राखणदार ठेवला, महिना १२ हजार दिले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला हंगामाचे ₹३,००० येतात. मी तर कॅमेऱ्याआधी हेच करीन.

आता विमा. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण एजंटने तुम्हाला फक्त हप्ता सांगितलाय, अटी सांगितलेल्या नाहीत.

एजंटचा प्रस्ताव असा: बोट आणि मोठं इंजिन मिळून साडेपाच लाखांचा विमा, हप्ता ₹१३,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे एकूण ₹१६,२२५. प्रत्येक दाव्यात पहिले ₹२०,००० तुमचे. आकडा वाजवी वाटतो. पण पॉलिसी कोणत्या कलमांवर आधारलेली आहे? मच्छीमार नौकांच्या काही पॉलिसी फक्त पूर्ण नौका नष्ट झाली तरच पैसे देतात. बोट जागेवर आणि इंजिन गायब, हे त्यात बसत नाही. मौजेच्या बोटींसाठी लंडनची १९८५ सालची ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’ ही कलमं सर्रास वापरली जातात. त्यांत आउटबोर्ड इंजिनाची चोरी भरून मिळते, पण अट अशी की नेहमीच्या स्क्रू-बोल्टखेरीज वेगळं चोरीरोधक कुलूप लावून ते बोटीला जखडलेलं असलं पाहिजे. साठवणीच्या जागेतून चोरी झाली असेल तर ती जागा जबरदस्तीने फोडलेली असली पाहिजे. म्हणून मी कुलपांचा खर्च आधी सांगितला. बार-लॉक नसेल तर भरलेला हप्ताही वाया जाऊ शकतो. कुलपांचं बिल जपून ठेवा, बसवल्यावर तारखेसह फोटो काढा. खोलीच्या जाळीला कुलूप न लावता झोपलात आणि इंजिन गेलं, तर फोडल्याची खूण कुठून आणणार?

याच कलमांत आणखी एक अट आहे: बोट खासगी मौजेसाठीच वापरायची, भाड्याने नाही, वेगळी संमती घेतली असेल तर गोष्ट निराळी. तुम्ही तर तिकीट घेऊन माणसं नेता. तेव्हा ‘भाड्याने प्रवासी वाहतूक’ हा वापर पॉलिसीत लेखी नोंदवून घ्या. तोंडी ‘हो हो, चालतं’ यावर विसंबू नका.

आणि खरं सांगायचं तर चोरीच्या विम्यापेक्षा तुम्हाला प्रवाशांच्या दायित्वाचा विमा (प्रवाशाला इजा झाली किंवा तो दगावला तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा) जास्त गरजेचा आहे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हे तुम्ही जवळून पाहिलंय. इंजिन गेलं तर तुमचे सव्वातीन लाख जातात. माणूस गेला तर त्याच्या घरचं जे जातं ते पैशाने भरत नाहीच, पण भरपाईचा आकडा तुमचं घरही गिळू शकतो. पत्रात या विम्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर या वर्षीच्या हप्त्याचा पहिला रुपया तिकडे जाऊ द्या, मग चोरीकडे वळा.

लहान इंजिनाचा विमा काढू नका. बिलाशिवाय घेतलेल्या इंजिनावर मालकी सिद्ध करणं अवघड आहे आणि दाव्याच्या वेळी तिथेच घोडं अडेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते इंजिन मुळात कुठून आलं हे तुम्हाला ठाऊक आहे का? चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा गुन्हा आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडून इंजिन क्रमांक आणि रक्कम लिहिलेलं विक्रीपत्र स्टॅम्पपेपरवर करून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर मला कळवा, मग वकिलाशी बोलावं लागेल. दोन्ही इंजिनांच्या क्रमांकपट्टीचे फोटो काढा, आणि पट्टी उचकटता येते म्हणून बोटीचा नोंदणी क्रमांक इंजिनाच्या ब्रॅकेटवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पंच करून घ्या. असं इंजिन गोव्यात किंवा रत्नागिरीत विकायला काढणं चोरालाही जड जातं.

ट्रेलरचं एक. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही वाहन आहे. तुमचा ट्रेलर नोंदणीशिवाय आहे आणि ट्रॅक्टरने तो गावच्या रस्त्यावरून ओढला जातो. चोरीपेक्षा मला त्या रस्त्यावरच्या अपघाताची भीती जास्त वाटते. आरटीओत नोंदणी होते का ते विचारा. होत नसेल तर बोट आवारापर्यंत नेण्या-आणण्यासाठी नोंदणी असलेला ट्रेलर भाड्याने घ्या. वर्षातून दोनदाच तर लागतो.

पैशांची व्यवस्था आता सोपी आहे. कुलपं, खोली आणि राखणदार मिळून साधारण ५० हजार रुपये. हे मे महिन्याच्या कमाईतून निघतील, कारण हंगामात महिना ६५ हजार हातात राहतात असं तुम्ही लिहिलंय. एफडीला हात लावायचा नाही. उलट आजच बँकेत जाऊन तिच्यावर ओव्हरड्राफ्टची (लागेल तेव्हा, लागेल तेवढीच रक्कम कर्जाऊ उचलायची) सोय करून ठेवा. बहुतेक बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. वापरला नाही तर व्याज नाही. ऐन डिसेंबरात इंजिन गेलं, तर चोरीचा दावा पोलिसांचा अंतिम अहवाल येईपर्यंत अडकतो, त्याला महिने लागू शकतात. तेवढे दिवस बोट उभी ठेवायची नाही. सव्वातीन लाख ओव्हरड्राफ्टमधून उचलून त्याच आठवड्यात इंजिन आणायचं. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज सुमारे ₹२,३०० होतं, आणि बोट उभी राहिली तर महिन्याचे ६५ हजार बुडतात. डिसेंबरात एफडीची मुदत संपली की पुन्हा ठेवताना ४ आणि २ लाखांच्या दोन ठेवी करा, म्हणजे दोन लाखांची कधी मोडावी लागली तरी बाकीची शाबूत राहील. दागिन्यांवरचं कर्ज यात कुठे लागतच नाही.

तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून) आयकर विवरणपत्र भरत असाल, तर इंजिनाचा घसारा आणि विम्याचा हप्ता वेगळा दाखवता येत नाही. त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ म्हणून कोणी शेड किंवा विमा गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

चोरी झालीच तर सकाळी पहिलं काम एफआयआर. नुसता तक्रार अर्ज पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदवून घ्या आणि प्रत मागा, ती मोफत मिळते. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा आणि बंदर कार्यालयालाही कळवा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रॅक्टरचोरीच्या प्रकरणात असं ठरवलं की एफआयआर लगेच झाला असेल, तर विमा कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही. तिथे ५२ दिवसांचा उशीर होता. हा आधार हाताशी असू द्या, पण त्या भरवशावर कळवायचं लांबवू नका.

एजंटला आता तीन गोष्टी ईमेलवर विचारा: फक्त इंजिन चोरीला गेलं तर पैसे मिळतात का, पावसाळ्यात इंजिन घरच्या खोलीत असताना संरक्षण चालू राहतं का, आणि भाड्याचा वापर पॉलिसीत लिहिला जाईल का. उत्तर आलं की मसुद्यासह मला पाठवा. हप्त्याचा चेक त्यानंतर द्या.