वडिलांना स्मार्टफोन घेऊन दिलाय, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या पुढे जात नाहीत. कोणती अ‍ॅप शिकवावीत?

आमच्याकडे हा प्रयोग आधी सपशेल फसलाय. दिवाळीला गावी गेलो तेव्हा अण्णांच्या फोनमध्ये एका बैठकीत आठ-नऊ अ‍ॅप टाकली, प्रत्येक उघडून दाखवलं. ते "हां, हां" म्हणत राहिले. पुढच्या खेपेला पाहतो तर एकालाही हात लावलेला नव्हता.

शेवटी शिकले ते ई-पीक पाहणीमुळे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, ही सोय 2021 मध्ये राज्यभर आली. फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, अ‍ॅप लोकेशन बघतं. म्हणजे पुण्यात बसून मी ते उरकून टाकणं शक्यच नव्हतं. बरंच झालं.

मी फोनवर, ते बांधावर. खातं, गट क्रमांक, सोयाबीन, क्षेत्र, पेरणीची तारीख, इथपर्यंत सगळं तोंडपाठ होतं त्यांना. अडलं ते लोकेशन चालू करण्यावर. "स्क्रीन स्वाइप करा" म्हणून काही होईना. मग म्हटलं, "अण्णा, पाटी पुसतो तसं वरून खाली पुसा." झालं! उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून डोक्यावरची टोपी काढून फोनवर धरली होती म्हणे.

पुढचं त्यांनीच विचारलं. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो कळल्यावर ते 15 रुपये भरायचे कसे, म्हणून यूपीआय आलं. तिथे मी एकच गोष्ट घोकून घेतली: पैसे येताना पिन लागत नाही, जातानाच लागतो. कुणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणाला की फोन ठेवायचा. सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबर त्यांनी 'चोर' नावाने सेव्ह केलाय.

तेव्हा अ‍ॅपची यादी करू नका. वडिलांचं कुठलं काम तुमच्यावाचून अडतं ते बघा, वीजबिल असेल, एसटीचं तिकीट असेल, आणि तेवढंच घ्या. शिकवताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या, कितीही वेळ लागला तरी. (हे मला अजून जमत नाही.)

आणि यूपीआयला पेन्शनचं खातं जोडू नका. हजार-दोन हजार ठेवलेलं वेगळं खातं जोडा. अण्णांचं तसंच आहे. त्यातले पैसे संपले की मला फोन येतो, तेवढा एक तोटा.