ह्या गाण्यात वारो खंय आसा?

वेंगुर्ले, रविवार संध्याकाळ

प्रिय बाय,

प्रभूमध्ये सलाम.

तुझी वही दोन दिवस माझ्या उशाशी होती. ख्रिस्ती रॉक-पॉपचे बत्तीस अल्बम, प्रत्येकापुढे चांदण्या आणि कारणाचा रकाना. वाचून आधी आनंदच झाला. लॅरी नॉर्मनपासून स्किलेटपर्यंत सगळं कान देऊन ऐकणारं दुसरं कोणी मला या गावात भेटलेलं नाही. मग जरा काळजी वाटली. बत्तीसपैकी एकोणतिसांना तू पाचपैकी पाच दिलेस, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच ओळ आहे: 'प्रभूची स्तुती आहे.'

अगं, स्तुती आहे हे तर कव्हर पाहूनच कळतं. मला त्यापुढचं हवं आहे. आपल्या चर्चसाठी सुतार बाक करतो, तेव्हा देवाच्या घरचा बाक म्हणून त्याचा डुगडुगणारा पाय आपण चालवून घेतो का? उलट अधिक निरखून बघतो, कारण त्यावर म्हातारी माणसं बसणार असतात. गाण्यावरही म्हातारी माणसं बसतात. आजारी बसतात, ज्यांचं कोणी गेलंय ते बसतात. तेव्हा हात लावून, हलवून बघ.

'ओशन्स'चंच घे. हिल्साँग युनायटेडच्या २०१३ च्या 'झायन' अल्बममधलं हे गाणं तू वहीच्या पहिल्याच पानावर ठेवलं आहेस. मलाही ते आवडतं. अल्बमवर ते जवळजवळ नऊ मिनिटं चालतं. सुरुवातीला आवाज जवळजवळ एकटाच असतो, ड्रम किती उशिरा येतात, आणि आले की छातीत भरती आल्यासारखं होतं. ही बांधणी कसबी हातांची आहे. पण तुला एक गोष्ट सांगतो.

माझे शेजारी रापणकर आहेत, गाबित समाजाचे मासेमार. लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर मी रापण ओढायला जायचो. जाळं घेऊन होडी अर्धवर्तुळ मारून परत किनाऱ्याला लागायची, मग दोन्ही टोकांना माणसं दोर धरून मागे मागे सरत ओढायची. दोन वर्षांपूर्वी जुलैत, मासेमारीची बंदी असताना, ते माझ्या पडवीत जाळं शिवत बसले होते आणि मी हे गाणं लावलं होतं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला: देव पाण्यावर बोलावतोय, पाऊल डगमगलं तरी तो सांभाळतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. सुईत दोरा तसाच होता. मग म्हणाले, "बरा आसा. पण ह्या गाण्यात वारो खंय आसा?"

मी रात्री बायबलातला मत्तयाचा चौदावा अध्याय उघडला. येशूचा मासेमार शिष्य पेत्र पाण्यावर चालला, आणि मग? तो वारा पाहून भ्याला. पाणी पाहून नव्हे. गालील सरोवराचं पाणी त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. बुडायला लागला तेव्हा त्याने नऊ मिनिटांची प्रार्थना केली नाही, वाचवा म्हणून ओरडला. गाण्यात पाणी आहे, लाटा आहेत, खोली आहे. वारा नाही, आणि ते ओरडणंही नाही. जन्मभर समुद्रावर गेलेल्या माणसाने जे एका बैठकीत ओळखलं, ते मी कित्येक वर्षं ऐकूनही ओळखलं नव्हतं. तेव्हापासून मी त्या गाण्याला चार देतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळा ऐकतो.

प्रत्येक अल्बमला हाच प्रश्न विचार. वारा कुठे आहे? २००० सालच्या आसपास बँडमागून बँड उपासनेच्या अल्बमांकडे वळले. मायकल डब्ल्यू. स्मिथचा 'वर्शिप' नेमका ११ सप्टेंबर २००१ ला बाजारात आला, न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याच दिवशी. लोकांना तेव्हा एकत्र गायला काहीतरी हवं होतं, आणि तो अल्बम खरंच गळा मोकळा करतो. पण पुढे त्याच साच्यातून इतकं निघालं की सगळ्या गाण्यांत हवामान एकच, लख्ख ऊन. आपल्या स्तोत्रसंहितेत तसं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते अंधारावरच संपतं, आणि तरी पवित्र शास्त्रात आहे.

म्हणून तुझ्या वहीत रिच मलिन्स या अमेरिकन गायकाचं नाव एकदाही नाही याचं मला वाईट वाटलं. 'ऑसम गॉड' तू ऐकलं असशील, ते १९८८ चं. पण त्याचा १९९३ चा 'अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगमफिन बँड' सलग ऐक, मध्ये थांबू नको. पहिला अर्धा भाग उपासनेच्या क्रमासारखा रचलाय. 'क्रीड' या गाण्यात आपण उभे राहून म्हणतो तो प्रेषितांचा मतांगीकारच गायलाय, आणि त्यात डल्सिमर वाजतं, आपल्या संतूरच्या जातीचं, छोट्या काठ्यांनी वाजवायचं वाद्य. रॉकच्या ड्रमवर ते असं पडतं की तोंडपाठ झालेले शब्द पुन्हा जिभेला जड लागतात. या माणसाची कमाई चर्चमधली वडील मंडळी सांभाळत. त्याला साध्या अमेरिकन कामगाराएवढा पगार मिळे, बाकीचं दान जाई, आणि आपण किती कमावतो हे त्याने विचारलंही नाही. शेवटी तो नाव्हाहो आदिवासींच्या वस्तीत राहून मुलांना संगीत शिकवत होता. १९९७ च्या सप्टेंबरात मोटार अपघातात गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी.

जाण्याच्या थोडे दिवस आधी त्याने एका ओस पडलेल्या चर्चमध्ये साध्या कॅसेट रेकॉर्डरवर नवी गाणी गाऊन ठेवली होती. ती 'द जीझस रेकॉर्ड' म्हणून १९९८ मध्ये निघाली. एका डिस्कवर तीच खरखरीत टेप, दुसरीवर त्याच्या सोबत्यांनी स्टुडिओत केलेली तीच गाणी. दोन्ही पाठोपाठ ऐक. निर्मिती म्हणजे काय, ती गाण्याला काय देते आणि काय काढून घेते, हे मी तुला दहा पत्रांत शिकवू शकणार नाही. मला टेपच प्रिय आहे. तुझं मत वेगळं असलं तर का, ते लिही.

कीथ ग्रीनचा 'नो कॉम्प्रोमाइज' तू तीनवर ठेवलास, कारण 'रागावून गातो'. हे कारण चांगलं आहे, कारण ते तुझं आहे. पण एवढंही माहीत असू दे की १९८० चा पुढचा अल्बम त्याने किंमत न लावता दिला, ज्याला जे परवडेल ते द्यावं म्हणून. राग आधी स्वतःवर होता त्याचा. एमी ग्रँटच्या १९९१ च्या 'हार्ट इन मोशन'ला तू 'जगिक', म्हणजे ऐहिक, म्हणून खोडलंस, ते मात्र मला पटलं नाही. 'बेबी बेबी' तिने आपल्या तान्ह्या लेकीवरून लिहिलं. आईने लेकराकडे बघून हरखणं हे जगिक असेल, तर आपण घरी कोण आहोत? जार्स ऑफ क्लेच्या 'फ्लड'वर मला फार लिहायचं नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आपली मंडळी चिखल उपसायला गेली होती, मीही होतो. गुडघाभर चिखलात ते गाणं डोक्यात वाजत राहिलं. त्याला पाच.

आता माझी चूक सांगतो. १९९६ च्या नाताळात बोटीवरच्या चुलतभावाने डीसी टॉकच्या 'जीझस फ्रीक'ची कॅसेट आणली. वर्षभरापूर्वीच निघालेला अल्बम, रॅप आणि भरडे गिटार. मी वेडा झालो. दोन महिने चर्चच्या पोरांकडून बसवून घेतलं, कार्यक्रमात वाजवलं. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका मांडीवर गीतपुस्तक मिटून बसल्या होत्या. नंतर एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "चांगलं वाजवलंत रे बाळा. पण मी कुठं गायचं होतं?"

त्या अल्बमला मी आजही पाचच देतो. पण तो खोलीत एकट्याने, मोठ्या आवाजात ऐकायचा. तुझ्या वहीत एक रकाना वाढव: कुठे, कोणाबरोबर. इथल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून परदेशी चाली आपल्याकडे गायल्या जातात, त्यात कमीपणा काही नाही. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या कवी ना. वा. टिळकांनी प्रभूला अभंगात गायलं, ते त्या आजीला तोंडपाठ होतं. मी तिला टिळकांचं एक भजन गायला दिलं असतं आणि मागे पोरांची गिटार ठेवली असती, तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

तुझ्या वहीत मागच्या पानावर एक नाव लिहून खोडलेलं दिसलं. मला वाचता आलं. तो अल्बम तुला आवडलेला नाही, आणि तसं लिहायला तू भ्यायलीस. आधी त्याच्यावरच लिही, दोन चांदण्या देऊन, तिसऱ्या आणि सातव्या गाण्यात काय फसलं ते नीट सांगून. शनिवारी सरावाला येताना वही आण. कॅसेट प्लेअरचा पट्टा मी बदलून घेतला आहे.

प्रभूमध्ये तुझा,
काका