वाचक विचारतात : पत्र, कारखाना आणि रंगमंच

प्रश्न : आइन्स्टाइन यांनी ज्यूंच्या हस्तव्यवसाय शिक्षणाला आणि नाटकाला पाठिंबा देणारं पत्र लिहिलं होतं, असं वाचलं. पदार्थविज्ञानाच्या माणसाचा या दोहोंशी काय संबंध?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : यंत्रांशी संबंध घरातूनच. वडील आणि काका म्युनिकला विजेच्या यंत्रांचा कारखाना चालवत. आइन्स्टाइन स्वतः १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कचेरीत लोकांची यंत्रं तपासत होते. पण खरं कारण ज्यूंच्या हालांत आहे. झारच्या रशियात ज्यूंना पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्यातच राहावं लागे. १८६५ च्या कायद्यानं कुशल कारागिरांना त्या पट्ट्याबाहेर राहायची मुभा दिली. म्हणजे शिंपीकाम, लोहारकाम हा पोटाचा धंदा होताच, शिवाय राहण्याचा परवानाही होता. म्हणून १८८० साली सेंट पीटर्सबर्गला कारागिरी आणि शेती शिकवणारी ‘ओआरटी’ ही संस्था निघाली. १९३३ नंतर हिटलरचा जर्मनी सोडणाऱ्या ज्यूंपुढेही तोच पेच होता. वकिलाची सनद परक्या देशात चालत नाही. लेथ चालवता येणाऱ्याला मात्र काम मिळतं. या संस्थेनं १९३७ मध्ये बर्लिनला शाळा काढली आणि ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, युद्ध तोंडावर असताना, तिथली बरीच मुलं इंग्लंडात लीड्सला हलवली.

नाटकाचा प्रश्न भाषेचा होता. झारशाहीनं १८८३ मध्ये यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतल्या, नाटकांवर बंदी घातली होती. पुढे मॉस्कोत हिब्रूतून नाटकं करणाऱ्या ‘हबिमा’नं १९२६ साली रशिया सोडला. मॉस्कोच्या यिडिश रंगभूमीचे नट-दिग्दर्शक मिखोएल्स १९४३ मध्ये अमेरिकेत आइन्स्टाइन यांना भेटले. १९४८ मध्ये स्टालिनच्या राजवटीनं मिखोएल्स यांचा खून केला. पोर्तुगीज अमदानीत देवळांतल्या उत्सवी नाटकांनी मराठी कशी जपली हे ज्यांना ठाऊक आहे, त्या गोवेकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. शिवाय नाटकाला सुतार, शिंपी, वीजतंत्री लागतातच, तेव्हा ही दोन कामं वाटतात तितकी लांबची नाहीत.

प्रश्न : मराठी बोलणारे ज्यू होते का? (मडगाव)

उत्तर : हो, कोकणातले बेने इस्राएल. बरेच जण तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाकडे एका नामवंत शास्त्रज्ञाचं टाइप केलेलं, १९६० च्या दशकातलं पाठिंब्याचं पत्र आहे. लॅमिनेट करून सभागृहात लावायचा विचार आहे. (म्हापसा)

उत्तर : लॅमिनेट अजिबात करू नका. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागदातलं आम्ल आतच राहून कागद ठिसूळ होतो. हात धुऊन, पुसून कोरडे करा, मग पत्र हाताळा. खारट हवेनं टाचणी गंजली असेल तर ती ओढू नका; कागद आणि टाचणीच्या मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती हळूच सोडवा. सेलोटेप असेल तर ते काम कागद-संवर्धकाकडेच द्या, खरवडल्यावर अक्षरंही निघून येतात.

६०० डीपीआयवर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. मूळ पत्र पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून. पीव्हीसीचं पाकीट नको, त्यातून सुटणारी रसायनं टाइपची शाई उचलतात.

खरा शत्रू पावसाळा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती त्याच्या पुष्कळ वर असते. म्हणून जानेवारीतल्या कोरड्या दिवशी पत्र घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा. १० लिटरच्या डब्यात साधारण १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पुरे, सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ मध्ये हवा. ४० च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, कागद फार सुकला तर घडीवर तुटतो. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

बुरशी दिसलीच तर ओली असताना पुसू नका, ती आत जिरते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याच्या थेट झोताबाहेर वाळू द्या. मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्यानं झाडा.

सभागृहात रंगीत प्रत लावा. उजेडानं सहीची शाई फिकी पडते. प्रत पूर्ण पत्राची असू द्या. बरेच जण सहीच मोठी करून लावतात आणि शास्त्रज्ञानं नेमकं कशाला पाठिंबा दिला, हे वाचायलाच मिळत नाही. लिफाफा असला तर तोही जपा. पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्का ती सांगतो.