चोक लावला की चालू, काढला की बंद

प्रश्न : दादा, माझ्याकडे वडिलांची १९९२ ची बुलेट ३५० आहे, जुनी कास्ट आयर्न इंजिनवाली. ते गेल्यापासून आठ-नऊ महिने शेडमध्येच उभी होती. आता चोक लावला की दुसऱ्या-तिसऱ्या किकला लागते पण चोक काढला की लगेच बंद पडते, आणि साइड स्टँडवर ठेवली की खाली पेट्रोल टपकतं. गावातला मेकॅनिक म्हणतो नवीन कार्बोरेटरच टाका. टाकू का? – एक वाचक, कराड

उत्तर : अजिबात नको, निदान लगेच तरी नको. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, तुमच्या गाडीवर तो बहुतेक मिककार्ब व्हीएम २४ असणार, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरूनच आजार निम्मा कळतो. या कार्बोरेटरमध्ये चोकची पेट्रोलची वाट वेगळी असते आणि स्लो चालायची वाट वेगळी, ती पायलट जेट नावाच्या बारीक भोकाच्या नळीतून जाते, म्हणून चोकवर चालते आणि एरवी मरते याचा अर्थ बहुतेक पायलट जेट बुजलाय. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल वालं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनी रबरं पण खराब करतं. टपकायचं कारण बहुतेक फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगणाऱ्या भागाची, पेट्रोल अडवणारी सुई, तिच्या बैठकीत कचरा अडकलाय किंवा टोक झिजलंय.

पेट्रोल कॉक बंद करा, वरचं झाकण फिरवून स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणारा भाग) केबलसकट बाहेर काढा आणि मग दोन नट सोडून कार्बोरेटर उतरवा. खालची वाटी उघडली की तळाशी हिरवट-पिवळी घाण दिसेल, ती बघून घाबरू नका. पायलट जेट इवलासा असतो, उजेडाकडे धरून आरपार बघा, सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला पाहिजे. दिसत नसेल तर रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी पंक्चरवाल्याकडची हवा मारा. तार घालू नका!! जेट पितळेचा असतो, तारेने भोक मोठं झालं की मग आयुष्यभर सेटिंग बसत नाही, मी स्वतः ऐन विशीत हा पराक्रम केलेला आहे.

परत बसवताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे पाहिजे, आणि ते दोन नट जोर लावून आवळू नका, फ्लँज, म्हणजे नट बसतात ती चपटी कड, वाकते, फटीतून हवा शिरते आणि तुम्ही स्क्रू फिरवत बसता.

सेटिंग गरम इंजिनवरच. दहा मिनिटं फिरवून आणा. बाजूचा एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, मग दीड फेरे बाहेर. आता स्लाइडच्या स्क्रूने रेस जरा वाढवून ठेवा आणि एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कान द्या, एका जागी ठोके आपोआप जलद आणि सारखे पडायला लागतात, तिथेच थांबा आणि रेस कमी करा. स्क्रू आत घेतला की पेट्रोल जास्त, बाहेर काढला की हवा जास्त. तीन फेरे काढूनही इंजिनला काहीच फरक पडत नसेल तर जेट अजून साफ झालेला नाही, परत उघडा. नंतर प्लग काढून बघा, बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे.

एक मात्र सांगतो, हे सगळं करायच्या आधी सीबी पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, पॉलिश पेपरने पुसून गॅप तपासा. जुन्या बुलेटमध्ये निम्मे वेळा पॉइंटचं पाप कार्बोरेटरच्या माथी मारलं जातं. एवढं करून वाटी टपकलीच तर सुई आणि बैठकीचा सेट घ्या, तो अख्ख्या कार्बोरेटरपेक्षा खूपच स्वस्त पडतो.

प्रश्न : माझ्याही बुलेटचं ॲव्हरेज ३५ वरून २५ वर आलंय, नीडलची क्लिप वर घेऊ का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : क्लिप वर घेतली की स्लाइडला लटकलेली नीडल खाली जाते, पेट्रोल कमी होतं हे खरं, पण इंजिन तापतं आणि पिकअप मरतो. गाडी आधी चालत होती ना त्याच क्लिपवर? मग तिला हात लावू नका. ॲव्हरेज कमी झालं की आधी ब्रेक बघा, मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये, मागचं चाक हाताने फिरवा. एका फेऱ्यात अडलं तर ब्रेक घासतोय.