परदेशातली सिम्युलेशन लॅब आणि मुंबईचा वॉर्ड: फी भरण्याआधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. नर्सिंगचं चौथं वर्ष संपत आलंय, पोस्टिंग मुंबईतल्या म्युनिसिपल हॉस्पिटलात. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीकडून एम.एस्सी.ची ऑफर आली आहे. त्यांच्या माहितीपत्रकात अख्खा वॉर्ड उभारलेला दिसतो, बोलणारे मॅनिकिन (पेशंटसारखे यांत्रिक पुतळे) दिसतात, आणि बाबा डोंबिवलीच्या घरावर कर्ज काढायला तयार आहेत. तुझ्या कॉलेजची स्किल लॅब मात्र इन्स्पेक्शनपुरती उघडते, एरवी कुलूप. इंग्लंडमधली ती लॅब एवढ्या पैशांच्या मोलाची आहे का, आणि तिच्यावाचून आपण मागे पडू का, असं तू विचारलंस.

मी परळला शिकले, तिथल्याच वॉर्डात काम केलं. आता इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात आहे आणि एका युनिव्हर्सिटीच्या सिम्युलेशन वॉर्डात, म्हणजे सरावासाठी खऱ्यासारख्या उभारलेल्या वॉर्डात, विद्यार्थ्यांना शिकवते. घर गहाण पडणार असेल तर दोन ओळींत उत्तर देऊन भागायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ऑफर लेटर काढ आणि कोर्सच्या नावात 'प्री-रजिस्ट्रेशन' हा शब्द आहे का ते बघ. नसेल, तर ती एम.एस्सी. आधीच नर्स असलेल्यांसाठी आहे. ती पूर्ण केल्याने इथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या रजिस्टरवर तुझं नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएस किंवा ओईटी), मग कॉम्प्युटरवरची परीक्षा सीबीटी आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा ओएससीई, असं सगळं वेगळं करावं लागतं. आणि हे सगळं एम.एस्सी. न करताही करता येतं. एजंट ही गोष्ट क्वचितच आपणहून सांगतात, म्हणून मी सगळ्यात आधी सांगतेय.

दुसरं, फोटोतला वॉर्ड मुळात कोणासाठी बांधलाय? ब्रिटनमध्ये नर्स होण्यासाठी 2300 तासांचं प्रात्यक्षिक शिक्षण लागतं. त्यातले जास्तीत जास्त 600 तास सिम्युलेशनमध्ये घ्यायची मुभा कौन्सिलने दिली आहे. हॉस्पिटलांत विद्यार्थ्यांना जागा पुरत नाहीत, त्यामुळे युनिव्हर्सिट्यांनी असे वॉर्ड बांधण्यावर भर दिला. पण हे तास नव्याने नर्स होणाऱ्यांचे. नर्स असलेल्यांच्या एम.एस्सी.त बहुतेक वेळ लेक्चर, निबंध आणि डेझर्टेशनमध्ये (प्रबंधात) जातो. ज्या वॉर्डासाठी तू फी भरशील, त्यात तुझा पाय पहिल्या दिवशी कॅम्पस दाखवताना पडेल आणि नंतर क्वचितच, असंही होऊ शकतं.

आता आत काय चालतं ते. सहा-आठ खाटा, डोक्याशी ऑक्सिजन आणि सक्शनचे पॉइंट, औषधांची ट्रॉली, क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या सामानाची गाडी). एका भिंतीला एकाच बाजूने आरपार दिसणारी काच आणि तिच्यामागे कंट्रोल रूम. मॅनिकिनची छाती वरखाली होते, मनगटावर नाडी लागते, टॉर्च मारला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, ओठ निळे पडतात. तो बोलतो तेव्हा काचेमागे माइकवर आमच्यापैकीच कोणीतरी असतं. बाजूच्या खोलीत साधी साधनं असतात: इंजेक्शनसाठी स्पंजचे पॅड, इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत घालायची सुई-नळी) लावायला रबरी हात (त्याच्या नळ्यांत लाल रंगाचं पाणी), लघवीच्या नळीच्या म्हणजे कॅथेटरच्या सरावासाठी कमरेचा भाग. सीपीआरची (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवायच्या सरावाची) बाहुली तर तूही पाहिली असशील. ती 1960 साली नॉर्वेच्या आस्मुंड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने बनवली आणि त्याच्याच कंपनीचे महागडे मॅनिकिन आज जगभरच्या लॅबमध्ये आहेत. छाती किती खोल दाबायची (5 ते 6 सेंटिमीटर) आणि कुठल्या वेगाने (मिनिटाला 100 ते 120) हे त्या साध्या बाहुलीवर पूर्ण शिकता येतं. त्यासाठी लाखोंचं यंत्र लागत नाही.

एका सेशनचं सांगते. मॅनिकिन म्हणजे 68 वर्षांचे गृहस्थ, खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. श्वास 26, ऑक्सिजन 93, बीपी वरचं 98, नाडी 114, ताप 38.4. आपल्याकडून आलेली एक मुलगी, अनुभवी नर्स, खाटेपाशी गेली. कपाळावर हात ठेवला, मॉनिटरकडे एकदाच पाहिलं, पेशंटचं डोकं उंच केलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. हात इतके सफाईदार की काचेमागे आम्ही बघत राहिलो. पण तोंडातून एक शब्द नाही. पेशंट माइकवरून म्हणतोय, "सिस्टर, मला काय होतंय?" तिचं उत्तर नाही. सोबतची विद्यार्थिनी गोंधळून उभी, काय करायचं तिला कळेना. मग 'डॉक्टर'ला फोन लावला, तर हिने केस सांगायला सुरुवात केली ती अ‍ॅडमिशनच्या दिवसापासून.

इथे प्रत्येक पेशंटच्या तक्त्यावर न्यूज-टू नावाचा, पेशंट किती बिघडलाय ते दाखवणारा स्कोअर असतो. वरच्या प्रत्येक आकड्याला ठरलेले गुण असतात, त्यांची बेरीज 10 होते, आणि 7 किंवा जास्त म्हणजे तातडीने टीम बोलवायची. फोनवर पहिल्या वाक्यात हाच आकडा हवा होता: मी अमुक, या वॉर्डातून बोलतेय, स्कोअर 10 आहे, मला सेप्सिसची (अंगभर भिनलेल्या गंभीर जंतुसंसर्गाची) शंका आहे, लगेच या. या पद्धतीला एसबार म्हणतात. सद्यस्थिती, मागची हकिकत, मला काय वाटतंय, मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. परळच्या वॉर्डात हाक मारली की रेसिडेंट डॉक्टर दोन खाटांवर असायचा, त्यामुळे आपल्याला ही सवय लागतच नाही.

खरं शिक्षण यानंतर सुरू होतं. सगळे खुर्च्या घेऊन गोल बसतात. याला डीब्रीफ म्हणतात आणि प्रसंगाला जेवढा वेळ लागला तेवढा, बरेचदा दुप्पट, याला देतात. मी तिला विचारलं, "तू कपाळाला हात लावलास आणि लगेच मॉनिटरकडे वळलीस. त्या क्षणी मनात काय आलं?" ती आधी गप्प. आपल्याकडे व्हायव्हात प्रश्न आला की बाई चूकच काढणार हे ठरलेलं, म्हणून आपल्या मुली डीब्रीफमध्ये जीव मुठीत धरून बसतात. थोड्या वेळाने म्हणाली, "अंग तापलेलं होतं आणि घामही होता. असे पेशंट मी पाहिलेत, ते रात्रीतून बिघडतात." म्हणजे सेप्सिस तिने हाताने ओळखला होता, बाकी कोणी ओळखायच्या आधी. फक्त ते खोलीत कोणालाच कळलं नाही. पुढच्या फेरीत ती खाटेशी उभी राहून एकेक गोष्ट मोठ्याने बोलत गेली आणि सोबतच्या मुलीने आपसूक रक्ततपासणीसाठी नळ्या काढून घेतल्या. तो बदल बघताना मला फार बरं वाटलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की लॅबची किंमत डीब्रीफ घेणाऱ्या माणसावर ठरते. अमेरिकेच्या नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगने 2014 मध्ये 10 नर्सिंग कॉलेजांतला अभ्यास प्रसिद्ध केला. हॉस्पिटलातले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थी ज्ञानात किंवा कामात कमी पडले नाहीत. पण तिथे शिकवणारे खास तयार केलेले होते आणि डीब्रीफ ठरलेल्या पद्धतीने घेतलं जात होतं. हे नसेल तर बोलणारा मॅनिकिन नुसती शोभेची वस्तू.

मर्यादाही सांगते. रबरी हाताची शीर कधी दबत नाही, निसटत नाही. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या म्हातारीच्या हाताला इंट्राकॅथ लावणं तुला तुझ्या हॉस्पिटलाने शिकवलंय, ते मॅनिकिन शिकवू शकत नाही. त्याला वास नाही, त्याचे नातेवाईक दाराशी रडत नाहीत. हे ओळखून चांगल्या युनिव्हर्सिटीत काही सेशन्सना खऱ्या माणसांना पेशंट म्हणून बसवतात. वाईट बातमी कशी सांगायची, चिडलेल्या मुलाशी कसं बोलायचं, हे त्यांच्यासमोर शिकायचं. मला विचारशील तर लॅबमधला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो बहुधा नसतो.

तेव्हा मागे पडण्याची भीती काढून टाक. एकेका ड्युटीला तू जेवढे गंभीर पेशंट बघतेस तेवढे इथल्या विद्यार्थिनीला पोस्टिंगभर दिसतीलच असं नाही. तुला कमी आहे ती बोलण्याची सवय, आणि उचलण्याची पद्धत. आपल्याकडे वॉर्डातले मामा-मावशी चादरीची टोकं धरून 'एक, दोन, तीन' म्हणत पेशंट उचलतात. इथे हॉइस्ट (पेशंट उचलायचं यंत्र) आणि स्लाइड शीटशिवाय (सरकवायच्या गुळगुळीत चादरीशिवाय) उचलायचं नाही, ते आल्यावर शिकवतातच.

ओएससीईतही न बोलण्याची हीच सवय आडवी येते. स्टेशन फिरत परीक्षा घेण्याची ही पद्धत रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे 1975 मध्ये मांडली. नर्सच्या ओएससीईत 10 स्टेशन असतात: चार एकाच पेशंटभोवती (तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन), चार कौशल्यांची, दोन नुसती लेखी. ती ब्रिटनमध्येच द्यावी लागते आणि फी 794 पाउंड आहे. परीक्षक दिसलं-ऐकलं तेवढ्यालाच गुण देतो. हात धुणं, मनगटपट्टीवरचं नाव ताडून बघणं, अ‍ॅलर्जी विचारणं, पेशंटची परवानगी घेणं, हे मनातल्या मनात केलंस तर शून्य. अनुभवी नर्सच इथे जास्त अडकतात, कारण त्यांचे हात विचारांच्या पुढे धावतात.

याची तयारी डोंबिवलीच्या घरात होते. टेस्ट सेंटरांचं सरावाचं साहित्य ऑनलाइन मोफत आहे. आईला पलंगावर झोपव, तिचं नाव-जन्मतारीख इंग्रजीत विचार, प्रत्येक कृती बोलून कर. मैत्रिणीला रोज एक फोन, एक काल्पनिक पेशंट, एसबारमध्ये एका मिनिटात. आणि कॉलेजच्या कुलपाबद्दल: भारतीय नर्सिंग परिषदेच्या 2021 च्या अभ्यासक्रमात स्किल लॅबचे तास नेमून दिलेले आहेत. चौघीपाचजणी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, तोंडी विचारू नका.

युनिव्हर्सिटीला आजच ईमेल कर. माझ्या कोर्सच्या टाइमटेबलमध्ये सिम्युलेशनचे तास किती, एका गटात किती जण, डीब्रीफ कोण घेतं आणि त्यांनी त्याचं प्रशिक्षण घेतलंय का, तासांव्यतिरिक्त लॅब सरावाला उघडी असते का, ओएससीईची तयारी करून घेतात का. गटात सहा-आठ जण असतील तर ठीक. वीस जण असतील तर दोघे काम करतात आणि बाकीचे भिंतीला टेकून बघतात. उत्तर गोलमाल आलं तर डिपॉझिट भरू नकोस.

तुझ्या जागी मी असते तर घरावर कर्ज न काढता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करून एक-दोन वर्षं मुंबईतच आयसीयू किंवा कॅज्युअल्टीत काम केलं असतं, आणि त्याच काळात ओईटी आणि सीबीटी उरकली असती. परदेशातून होणारी भरती सध्या इथे बरीच कमी झाली आहे, तेव्हा घाईत येऊन हाती काही लागेलच असं नाही. प्री-रजिस्ट्रेशनचा कोर्स असेल तर हिशोब वेगळा, त्यात रजिस्ट्रेशन मिळतं, पण नर्स असलेल्या मुलीने पुन्हा पहिल्यापासून नर्स होण्यासाठी एवढे पैसे का भरावेत, हे बाबांसोबत बसून नीट बोल. युनिव्हर्सिटीचं उत्तर आणि टाइमटेबल आलं की मला पाठव, मी वाचून सांगते.