फटींना आधी पाणी पाजा, एपॉक्सीचं नंतर बघू

"जुन्या होडीच्या फळ्यांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो, त्यात भरायला एपॉक्सी कुठल्या कंपनीचं घेऊ?" हा तुमचा प्रश्न वाचला. (एपॉक्सी म्हणजे कालवून लावायचा, वाळल्यावर दगड होणारा गोंद.) दुकानदार तुम्हाला गाठायच्या आत मी गाठतोय.

लाकूड, रंग, शीड कसं आणायचं ते तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. मी बिलीमोऱ्याहून 14 फुटी जुनी सागवानी होडी टेम्पोत घालून बडोद्याला आणली, तीही एप्रिलमध्ये. बाबाजीपुऱ्यातल्या अंगणात, उघड्यावर ठेवली. मे संपेपर्यंत फटींत पेन्सिल जायला लागली. मला वाटलं, फसलो. खरं तर लाकूड सुकून आकसलं होतं, एवढंच. पण भुसा कालवून एपॉक्सी केलं आणि एकेक फट ठासून भरली. वर निळा ऑइल पेंट. शेजारचे काका म्हणाले, "आता हिची पूजाच करा."

जुलैत ओळखीतल्या एकाच्या शेततळ्यात सोडली. दोन दिवस आत थेंब नाही, मी खूश. तिसऱ्या रात्री कटकन आवाज, थोड्या वेळाने पुन्हा. सकाळी पाहिलं तर पाच वाक (फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या फासळ्या) तडकलेले आणि खालची एक फळी खिळ्यांसकट बाहेर आलेली. फळी पाणी पिऊन फुगते ती रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. तिला सरकायला जी जागा लागते तीच मी दगडासारख्या एपॉक्सीने बुजवली होती. मग तो जोर वाकांवर आणि खिळ्यांवर गेला. ते एपॉक्सी छिन्नीने खरवडून काढण्यात माझं वर्ष गेलं, आणि त्या नादात फळ्यांच्या कडाही खाल्ल्या गेल्या.

म्हणून आधी होडी सावलीत घ्या. आतबाहेर ओली गोणपाटं टाका, रोज भिजवा, दोन-तीन आठवडे. तळात दोन बादल्या पाणी ठेवा, त्यात मूठ-मूठ जाडं मीठ. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं, खाऱ्याने तितकं नाही. बऱ्याच फटी आपोआप मिटतील. उरतील त्यांत कापसाची वात, बोथट छिन्नी आणि लाकडी मोगरीने, हलक्या हाताने. वर जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून केलेली लांबी (पुट्टी), जी मऊ राहते. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. उन्हात पसरून वाळवा.)

मी काही बोट बांधणारा नाही. तुमची होडी प्लायवूडची किंवा चिकटवलेल्या पट्ट्यांची असेल तर वरचं सगळं विसरा, तिथे एपॉक्सीच बरोबर. आणि फळ्या टोच्याने टोचून पाहा. टोच्या लोण्यासारखा आत गेला तर ती फळी बदलायचीच, भिजवून काही होणार नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर एका कार्यालयाने मला चार खेपा घालायला लावल्या आणि शेवटी इंजिनाचा नंबर मागितला. शिडाच्या होडीचा! वल्हं दाखवू का, असं विचारणार होतो. इनलँड व्हेसल्स कायदा 2021 चा आहे, त्यात बिनइंजिनाच्या होड्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्याची प्रिंट हातात घेऊनच जा. मात्र लाइफ जॅकेटचा आग्रह कोणी धरला तर वाद घालू नका. 18 जानेवारी 2024 ला इथल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून शाळेची मुलं बुडाली, ते बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही.

आणखी एक. होडीचे खिळे तांब्याचे आहेत की लोखंडाचे? डोक्याभोवती हिरवट डाग आहे की काळा-तांबडा, त्याचा जवळून फोटो टाका. लोखंडी असतील तर गोणपाटं भिजवायच्या आधी बोलू.