सेलेनाइड खनिजांच्या यादीत नावाच्या जागी नुसता कोड का असतो?

तुम्ही जालन्याहून विचारायलात की काही सेलेनाइड खनिजांपुढं (म्हणजे सेलेनियम आणि धातू यांच्या संयुगांपुढं) नाव नसून 'यूएम', साल आणि आकडे असंच दिसतं, तर इतक्या वर्षांत त्याला कुणी नाव का दिलं नाही, आणि आपल्याकडं असं काही सापडेल का. माझं जिऑलॉजीत एमएस्सी झालंय नांदेडला, म्हणून सांगायलो.

आपल्याकडं कसं, एखादा वर्षानुवर्षं शेत कसतो, सगळ्या गावाला माहीत असतं पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं, तसंच आहे हे. खनिज सापडलंय, त्याचं ॲनालिसिस कुणीतरी छापलंय, पण आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या कमिशननं मतदान करून मंजूर केलेलं नाही. अशांची नोंद राहावी म्हणून स्मिथ आणि निकेल या खनिजशास्त्रज्ञांनी २००७ साली ही कोडची पद्धत मांडली, यूएम म्हणजे अननेम्ड मिनरल, मग छापून आल्याचं साल, नंबर, आणि शेवटी त्यातली मूलद्रव्यं.

अडतं ते दाण्याच्या साइजवर. सेलेनियम हे गंधकाचं भावंड, आणि गंधक सगळीकडं भरपूर, म्हणून सेलेनियम बहुतेक वेळा सल्फाइडमधेच (गंधक आणि धातूच्या खनिजात) गंधकाच्या जागी बसून जातं, वेगळं सेलेनाइड तयार व्हायला ऑक्सिडायझिंग परिस्थिती लागते (म्हणून अशा ठिकाणी शेजारी हेमाटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, दिसतं), आणि झालं तरी कितीतरी वेळा दाणा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तोही क्लॉस्थलाइट (शिशाचं सेलेनाइड) किंवा उमांगाइटमधे (तांब्याचं सेलेनाइड) गुंतलेला. मायक्रोप्रोबचा (इलेक्ट्रॉनच्या झोतानं घटक मोजणाऱ्या यंत्राचा) बीम साधारण एक मायक्रॉनचा, त्यामुळं रासायनिक घटक कळतात, पण अणूंची मांडणी कळायला एक्स-रे लागतो आणि त्याला स्वच्छ सुटा स्फटिक पाहिजे, तो एवढ्याशा दाण्यातून काढायचा कसा? सूत्र एकच असून मांडणी वेगळी असेल तर खनिजही वेगळं, म्हणून नुसत्या सूत्रावर नाव मिळत नाही.

मला हा कडकपणा बरोबरच वाटतो. जर्मनीत हार्ट्झ डोंगररांगेतल्या ट्रोगटाल दगडखाणीतून १९५५ साली हॅस्टाइट नावाचं कोबाल्टचं सेलेनाइड जाहीर झालं, पुस्तकांत गेलं, पोरं पाठ करत राहिली, आणि २००९ मधे कळलं की ते मुळात फेरोसेलाइट म्हणजे लोखंडाचं सेलेनाइड होतं. नाव रद्द झालं. त्यापेक्षा थांबलेलं बरं.

आता आपल्याकडचं. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी हेच मिळतं, आणि ते जालन्याचे झिओलाइट खरंच बघण्यासारखे आहेत. सेलेनाइड शोधणारे लोक हार्ट्झ, अर्जेंटिनातलं ला रिओहा, नाहीतर बोलिव्हियाची एल ड्रॅगॉन खाण इकडं जातात, त्या एल ड्रॅगॉनमधून ग्रुंडमनाइटसारखी नवीन नावं अलीकडं मंजूर झालीत. आणि समजा तुम्हाला कुठं सापडलंच तर नमुना म्युझियममधे ठेवावा लागतो, स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही.

एक विनंती, जुन्या पुस्तकांत दगड तापवून सडक्या मुळ्यासारखा वास आला की सेलेनियम ओळखायचं असं वाचलं असेल तर घरी करू नका, तो धूर विषारी असतो. जवळच्या कॉलेजच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटला दगड नेऊन दाखवा.